नगरसेवकांविना तिसरे वर्ष : मुंबई महापालिकेच्या 2024-25 मधील कामांचा आढावा

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. 2024-25 हे प्रशासकीय कारभाराचे सलग तिसरे पूर्ण आर्थिक वर्ष होते. याआधी 1984-85 मध्ये महापालिकेवर प्रशासक आला होता, पण तो काळ थोडा होता. 227 नगरसेवक, स्थायी समिती, सुधार समिती, शिक्षण समिती यांपैकी काहीही नसताना देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका इतकी वर्षे चालावी, असे 1888 च्या कायद्याखाली पूर्वी कधी घडले नव्हते. भूषण गगराणी यांनी 20 मार्च 2024 रोजी इक्बालसिंह चहल यांच्याकडून सूत्रे घेतली. त्यामुळे या वर्षाच्या कामांचा बरा-वाईट हिशेब मुख्यतः त्यांच्या कारकिर्दीकडे जातो, मात्र त्यातील बहुतेक मोठी कामे आधीच सुरू झालेली होती.

या वर्षी सर्वांत ठळकपणे दिसले ते किनारी रस्त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंतचा हा 10.58 किलोमीटरचा मार्ग महापालिकेने संपूर्णपणे स्वतःच्या पैशांतून बांधला असून त्यावर पथकर नाही. खर्च सुमारे 14 हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. ऑक्टोबर 2018 मध्ये काम सुरू झाले. जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते पुन्हा चालू झाले. मलबार हिलच्या पोटातून जाणारे सुमारे 2 किलोमीटरचे जुळे बोगदे 12.19 मीटर व्यासाच्या ‘मावळा’ या यंत्राने खणले. पहिला बोगदा जानेवारी 2022 मध्ये आणि दुसरा मे 2023 मध्ये पूर्ण झाला.

रस्ता मात्र एकदम खुला झाला नाही. आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर, 11 मार्च 2024 रोजी, वरळीहून मरीन ड्राइव्हकडे येणाऱ्या मार्गिकेचे उद्घाटन झाले. उत्तरेकडे जाणारी मार्गिका जूनमध्ये हाजी अलीपर्यंत आणि जुलैमध्ये वरळीपर्यंत खुली झाली. सप्टेंबरमध्ये ती सागरी सेतूला जोडली गेली आणि 26 जानेवारी 2025 रोजी उरलेल्या जोडमार्गांसह रस्ता पूर्णत्वाला आला. तुकड्या-तुकड्यांनी झालेल्या या उद्घाटनांवर टीका झाली आणि त्यामागची राजकीय घाई लपणारी नव्हती. तरीही तयार झालेला भाग बंद ठेवण्यापेक्षा तो लोकांना वापरू देणे योग्यच होते. मे 2024 मध्ये बोगद्याच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसले आणि तातडीने गळती बुजवावी लागली. खुला करण्यापूर्वीच्या तपासणीला आणखी वेळ द्यायला हवा होता, हे त्यातून दिसले.

या प्रकल्पातील सर्वांत शिकण्याजोगा भाग वरळी कोळीवाड्याजवळचा आहे. क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांच्या बोटींची वाट नव्या पुलाच्या खांबांमधून जाणार होती आणि मूळ आराखड्यात खांबांमधले अंतर 60 मीटर होते. भरतीच्या लाटा, वारा आणि दोन बोटी एकाच वेळी समोरासमोर येण्याची शक्यता लक्षात घेता ते धोक्याचे ठरेल, असे कोळी बांधवांचे म्हणणे होते. त्यांनी काम अडवले, आंदोलन केले आणि प्रशासनाशी दीर्घ वाटाघाटी केल्या. अखेर एक खांब वगळून अंतर 120 मीटर करण्यात आले. एवढा मोठा गाळा साध्या तुळईने पेलता येत नसल्याने धनुष्याकृती कमानीच्या लोखंडी तुळया आणाव्या लागल्या. सुमारे 2,000 टनांची आणि 136 मीटर लांबीची पहिली तुळई 26 एप्रिल 2024 रोजी भरतीचे गणित साधून बसवली, दुसरी मे महिन्यात. सागरी सेतूशी जोड होण्यास वेळ लागला त्याचे हेही एक कारण. पण दाराशी राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकल्याने आराखडा सुधारला, हे मुंबईच्या बांधकाम-इतिहासात वारंवार दिसणारे चित्र नाही. त्याची नोंद उद्घाटनांच्या तारखांइतकीच महत्त्वाची आहे.

किनारी रस्ता कोणासाठी, हा प्रश्न मात्र कायम आहे. दुचाकी, तीनचाकी आणि अवजड वाहनांना तेथे प्रवेश नाही. मुंबईतील बहुसंख्य लोक लोकल, बस किंवा पायी प्रवास करतात. एवढ्या मोठ्या सार्वजनिक खर्चाचा थेट लाभ प्रामुख्याने मोटारीतून फिरणाऱ्यांना मिळाला. बसगाड्यांना येथे मुभा आहे, तरी त्यांची संख्या रस्त्याच्या क्षमतेच्या मानाने नगण्य राहिली. समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या 111 हेक्टर जमिनीपैकी सुमारे 70 हेक्टर मोकळी जागा म्हणून राखायची आहे. सर्वसामान्यांना या प्रकल्पातून मिळणारा खरा वाटा तोच, आणि वर्ष संपले तेव्हा नेमका तोच भाग अपूर्ण होता. सागरी पदपथ 2025 च्या पावसाळ्यातच टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला.

पुढचे मोठे मार्गही याच वर्षी पुढे सरकले. 13 जुलै 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. 12.2 किलोमीटरच्या या रस्त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारे रस्ते मोजकेच असल्याने त्याची गरज खरी आहे. वर्सोवा ते दहिसर या उत्तरेकडील किनारी रस्त्याची कंत्राटेही दिली गेली आहेत, पण कांदळवनांमुळे परवानग्यांची वाट तेथे या वर्षी लांब होती.

पुलांच्या बाबतीत अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचे उदाहरण बोलके ठरले. 3 जुलै 2018 रोजी या पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये संपूर्ण पूल बंद झाला आणि अंधेरी पूर्व-पश्चिमचे दळणवळण विस्कळीत झाले. 26 फेब्रुवारी 2024 रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा लगतच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची पातळी जुळत नसल्याचे साऱ्या शहराने पाहिले. रेल्वेच्या नव्या निकषांमुळे गोखले पूल उंच करावा लागला होता, पण शेजारच्या पुलाचा विचार त्याच वेळी झाला नव्हता. व्हीजेटीआय आणि आयआयटीच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलला गेला आणि जुलै 2024 मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. उचलण्याचे काम कौशल्याचे होते, पण ते करण्याची वेळ येणे हे नियोजनातले अपयश होते. दुसरी बाजू मे 2025 मध्ये खुली झाली. म्हणजे पूर्ण पुलासाठी नागरिकांना अडीच वर्षे वाट पाहावी लागली. दरम्यान 1 ऑगस्ट 2024 पासून शीवचा ब्रिटिशकालीन रेल्वे पूलही पाडकामासाठी बंद झाला.

खड्डेमुक्तीचा उपाय म्हणून सर्व रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचा निर्णय आधीच झाला होता. मुंबईत महापालिकेचे सुमारे 2,050 किलोमीटरचे रस्ते असून त्यांपैकी 1,333 किलोमीटरचे काँक्रीटीकरण यापूर्वी झालेले होते. उरलेल्यांपैकी 701 किलोमीटर दोन टप्प्यांत करायचे ठरले. पहिला टप्पा जानेवारी 2023 मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रकमेच्या कंत्राटांनी सुरू झाला खरा, पण रखडला. शहर भागातील कंत्राटदाराने काम न केल्याने त्याचे कंत्राट रद्द करून दंड करण्यात आला आणि दक्षिण मुंबईच्या रस्त्यांसाठी पुन्हा निविदा काढाव्या लागल्या. 2024-25 मध्ये दोन्ही टप्पे एकाच वेळी चालू झाले. ऑक्टोबरनंतर उपनगरांत गल्लोगल्ली रस्ते खणलेले दिसू लागले. गुणवत्ता तपासण्यासाठी आयआयटी मुंबईची नेमणूक झाली, निकृष्ट कामासाठी काही कंत्राटदारांना दंड झाले आणि 31 मे 2025 पूर्वी हाती घेतलेले रस्ते वाहतूकयोग्य करण्याची मुदत ठरवण्यात आली.

काँक्रीटचा रस्ता दीर्घायुषी असतो यात वाद नाही. पण पाणी, मलनिस्सारण, गॅस, वीज आणि दूरसंचार यांच्या वाहिन्या त्याच रस्त्याखाली असतात. त्या आधी नव्या न केल्यास तयार रस्ता पुन्हा फोडावा लागतो, आणि या वर्षी नव्या रस्त्यांवर चर खणल्याच्या तक्रारी आल्या त्या याच कारणाने. शिवाय झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट टाकले गेल्याने पाणी मुरण्याची जागा कमी झाली. विभाग कार्यालयात जाऊन ‘आमच्या गल्लीचे काम कधी’ असे विचारणाऱ्या नागरिकाला या काळात नगरसेवकाचा आधार नव्हता. त्याची उणीव सर्वांत जास्त जाणवली ती या खोदकामांच्या वेळी.

दिसत नसल्यामुळे दुर्लक्षित राहिलेले, पण महत्त्वाने बहुधा सर्वांत वरचे काम म्हणजे सात मलजल प्रक्रिया केंद्रे. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा येथे मिळून दररोज 2,464 दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची ही योजना आहे. आजपर्यंत शहराचे बरेचसे सांडपाणी प्राथमिक प्रक्रियेनंतर, तर काही तसेच, खाडीत आणि समुद्रात जात आले. निविदांचे वाद आणि न्यायालयीन खटले यांत अनेक वर्षे गेल्यावर 2022-23 मध्ये कामाला आरंभ झाला. केंद्रे 2026 ते 2028 दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू व्हायची आहेत, तेव्हा 2024-25 हे पाया आणि टाक्यांच्या बांधकामाचे वर्ष होते. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा काही भाग पिण्याव्यतिरिक्त कामांसाठी वापरण्याचा विचार असून तो झाला तर धरणांवरचा भार हलका होईल.

पाण्याची निकड या वर्षी तीव्रतेने जाणवली. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांची एकत्रित उपयुक्त क्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर आहे. 2024 च्या उन्हाळ्यात साठा इतका घटला की 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात करावी लागली. राज्य शासनाने भातसा आणि ऊर्ध्व वैतरणेतील राखीव साठा वापरण्यास परवानगी दिली म्हणून वेळ निभावली. जुलैच्या पावसाने तलाव भरू लागले आणि 29 जुलैला कपात मागे घेण्यात आली. 2014 मध्ये मध्य वैतरणा धरण कार्यान्वित झाल्यानंतर शहराला एकही नवा स्रोत मिळालेला नाही. दररोज 440 दशलक्ष लिटर देऊ शकणारा गारगाई प्रकल्प वनजमीन आणि विस्थापनाच्या प्रश्नात आणि मनोरीचा 200 दशलक्ष लिटरचा निःक्षारीकरण प्रकल्प निविदांच्या फेऱ्यांत अडकून राहिला. मोठ्या रस्त्यांच्या बाबतीत दिसलेली तडफ पाण्याच्या बाबतीत दिसली नाही, ही या वर्षाची सर्वांत चिंताजनक बाब म्हणावी लागेल.

पावसाने दोनदा परीक्षा घेतली. 8 जुलै 2024 रोजी रात्री 1 ते सकाळी 7 या सहा तासांत काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि उपनगरी रेल्वे ठप्प झाली. 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी पुन्हा मुसळधार पाऊस झाला, त्या वेळी अंधेरीत उघड्या गटारात पडून एका महिलेचा जीव गेला. मॅनहोलना संरक्षक जाळ्या बसवण्याबद्दल उच्च न्यायालयाने आधीच फटकारलेले असताना हे घडले. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर, ज्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाला वेग आला. पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 वरून 50 मिलिमीटरपर्यंत नेणे आणि आठ उदंचन केंद्रे उभारणे हे त्याचे उद्दिष्ट होते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रे चालू आहेत. माहूल आणि मोगरा ही दोन जमिनीच्या अडचणींमुळे 2024-25 मध्येही पूर्ण झाली नाहीत. हिंदमाता परिसरात मात्र भूमिगत टाक्यांमुळे पाणी साचून राहण्याचा काळ कमी झाला आहे. नालेसफाईच्या टक्केवारीवर दरवर्षी उठणारा संशय याही वर्षी उठला. मिठी नदीतील गाळ काढण्याच्या कंत्राटांत सुमारे 65 कोटींचा अपहार झाल्याच्या आरोपावरून मे 2025 मध्ये पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आता गाळ काढतानाच्या चित्रफिती बंधनकारक करून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्या तपासण्याची पद्धत आणण्यात आली आहे.

13 मे 2024 ची घाटकोपर दुर्घटना या वर्षावरील सर्वांत काळी छाया आहे. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले. महापालिकेच्या नियमानुसार कमाल 40 बाय 40 फुटांच्या फलकाला परवानगी मिळते, हा फलक 120 बाय 120 फुटांचा होता. जागा लोहमार्ग पोलिसांची होती आणि आमची परवानगी घेतलीच नाही, असे महापालिकेचे म्हणणे होते. पण एवढा फलक दिवसाढवळ्या उभा राहतो, वर्षभर दिसतो आणि कोणत्याच यंत्रणेला तो पाडता येत नाही, याचे उत्तर हद्दीच्या युक्तिवादाने मिळत नाही. त्यानंतर शहरभरचे मोठे फलक उतरवण्याची मोहीम झाली आणि नव्या जाहिरात धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला.

हवा आणि मोकळ्या जागा यांच्या बाबतीत काही नवी पावले पडली. जून 2024 मध्ये महापालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल मांडला. भांडवली तरतुदीपैकी 10,224 कोटी रुपये, म्हणजे सुमारे 32 टक्के, हवामानाशी निगडित कामांवर असल्याचे त्यात दाखवले आहे. असा हिशेब मांडणे स्वागतार्ह आहे, मात्र एखादे काम हवामानाचे मानायचे की नाही याचे निकष जितके सैल तितकी ही टक्केवारी फुगते. हिवाळ्यात धूळ वाढल्यावर डिसेंबर 2024 अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील सर्व बांधकामे थांबवण्याचा आदेश निघाला, इतका कठोर उपाय यापूर्वी झाला नव्हता. जून 2024 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जमीन मध्यवर्ती उद्यानासाठी महापालिकेला देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. 30 मार्च 2025 रोजी मलबार हिलच्या झाडीतून जाणारा 485 मीटरचा लाकडी उन्नत निसर्ग मार्ग खुला झाला आणि पहिल्या दिवसापासून त्याला गर्दी झाली.

आरोग्य आणि शिक्षण यांत मोठी नाट्यमय घटना नसली तरी खर्च वाढता राहिला. केईएम रुग्णालय जानेवारी 2025 मध्ये शंभराव्या वर्षात आले. केईएम, शीव, नायर आणि कूपर येथे मुंबईबाहेरूनही रुग्ण येतात आणि खाटा, परिचारिका, औषधे यांवरील ताण तसाच आहे. बाहेरून औषध लिहून न देण्याचे धोरण जाहीर झाले, पण पुरवठ्यातील खंडामुळे ते पूर्णपणे पाळले जाऊ शकले नाही. ‘आपला दवाखाना’ योजनेने वस्तीपातळीवर तपासणीची सोय केली, हा तिचा ठोस उपयोग. आठ माध्यमांत चालणाऱ्या महापालिका शाळांत इंग्रजी माध्यमाच्या ‘मुंबई पब्लिक स्कूल’कडे पालकांचा ओढा वाढत असून मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घसरत आहे. शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टची अवस्था याहून बिकट. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विजेवरच्या बसने अनेकांना चिरडले आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. 2019 च्या करारात स्वतःच्या 3,337 बसगाड्या राखण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात ती संख्या हजाराच्या आसपास उतरली. मे 2025 मध्ये किमान भाडे 5 वरून 10 रुपये झाले.

या सर्व कामांचा आर्थिक पाया तपासला तर आकडे मोठे आणि काळजी त्याहून मोठी दिसते. 2024-25 चा अर्थसंकल्प 59,954.75 कोटींचा होता. वर्षाच्या ओघात तो 65,180.79 कोटींवर गेला आणि 2025-26 साठी 74,427.41 कोटींचा मांडला गेला. त्यातील 43,162 कोटी, म्हणजे 58 टक्के, भांडवली कामांसाठी होते. जकात 1 जुलै 2017 रोजी गेल्यापासून राज्याकडून मिळणारी वस्तू व सेवा कराची भरपाई हा उत्पन्नाचा मुख्य आधार झाला आहे. मालमत्ता कराची 2024-25 मधील वसुली 6,198 कोटींवर पोचली, जी उद्दिष्टाच्या जवळजवळ शंभर टक्के होती आणि करनिर्धारण खात्याच्या मेहनतीची पावती होती. पण 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून करमाफी आहे आणि दर पाच वर्षांनी अपेक्षित असलेली करसुधारणा 2015 नंतर या वर्षापर्यंत झाली नव्हती. मुदत ठेवी 80 हजार कोटींच्या घरात आल्या असून त्यांतील मोठा हिस्सा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमा यांसाठी बांधलेला आहे. हाती घेतलेल्या प्रकल्पांची देणी ठेवींच्या दुपटीहून अधिक आहेत. त्यामुळेच झोपडपट्टीतील व्यावसायिक गाळ्यांवर कर आणि कचऱ्यासाठी वापरकर्ता शुल्क अशा नव्या मार्गांचा विचार सुरू झाला.

2025-26 चा हा अर्थसंकल्प 4 फेब्रुवारी 2025 रोजी अतिरिक्त आयुक्तांनी आयुक्तांना सादर केला आणि त्याला मंजुरी देण्याचा अधिकारही प्रशासक या नात्याने आयुक्तांकडेच होता. स्थायी समितीत एरवी दोन-तीन आठवडे खातेनिहाय चर्चा होते, विरोधक निविदांचे दर विचारतात, काही प्रस्ताव परत पाठवले जातात. समितीतही सौदे होत असत, हे खरे. तरीही तेथे कागद बाहेर येत, वृत्तपत्रांत छापले जात आणि प्रभागातल्या माणसाला कोणाला जाब विचारायचा ते कळत असे. प्रशासकाच्या काळात निर्णय जलद झाले, पण ते का झाले हे समजण्याची वाट अरुंद झाली. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात अडकलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी दिला आणि 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. मलजल केंद्रे, जोडरस्ता आणि काँक्रीटीकरणाची कंत्राटे त्याआधीच दिली गेलेली असल्याने, येणाऱ्या अनेक अर्थसंकल्पांतील भांडवली खर्चाचा मोठा भाग नव्या सभागृहाने न घेतलेल्या निर्णयांनी आधीच ठरलेला आहे.